हंड्याचे गणित, विहिरीचा भूगोल

पाण्याच्या धड्याखालच्या स्वाध्यायात एक प्रश्न बहुतेक वेळा असतोच : पाण्याची बचत करण्यासाठी तुम्ही काय कराल? त्याची उत्तरेही ठरून गेली आहेत. दात घासताना नळ बंद ठेवीन. शॉवरऐवजी बादलीने आंघोळ करीन. गाडी धुवायला पाइप वापरणार नाही. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरची मुलगी ही उत्तरे पाठ करते, लिहिते आणि पूर्ण गुण मिळवते. तिच्या घरात नळ नाही. एप्रिल-मे महिन्यांत ती आईबरोबर अंधारातच विहिरीवर जाते. विहिरीचा तळ दिसत असेल तर खाली उतरून झिऱ्यात साचलेले पाणी वाटी-वाटीने हंड्यात भरते. आंघोळीच्या पाण्यावर परसातली वेल जगवायची, भांडी आधी राखेने घासून मग थोडक्या पाण्यात विसळायची, हे तिच्या घरात आजीच्या आधीपासून चालत आले आहे. बचत तिला कुणी शिकवायला नको.

तिला शिकायचे आहे ते वेगळे. गावावर पडलेला पाऊस किती, त्यातला मुरला किती, वाहून गेला किती, उपसला किती, आणि जे उरले ते कुणाच्या वाट्याला आले? टंचाईच्या शिक्षणाचा गाभा या पाच प्रश्नांत आहे. महाराष्ट्रात ते मुलांपर्यंत नेण्याचे काही चांगले प्रयत्न झालेले आहेत. बहुतेक शाळांमध्ये मात्र अजून घोषवाक्ये, चित्रकला स्पर्धा आणि प्रभातफेरी यांवरच भागवले जाते.

गणितापासून सुरुवात करता येते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. मध्यम आकाराच्या हंड्यात साधारण पंधरा लिटर पाणी मावते. डोक्यावर चुंबळ ठेवून हंडा घेणारी बाई पंधरा किलो वजन उचलते, कमरेवर कळशी असेल तर आणखी. ग्रामीण भागाला टँकरने पाणी देताना माणशी रोज २० लिटर हा सरकारी निकष आहे. पाच माणसांच्या घराला १०० लिटर, म्हणजे जवळपास सात हंडे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी रोज ५५ लिटरांचे उद्दिष्ट ठरवले. त्या हिशेबाने त्याच घराला २७५ लिटर लागतात, अठरा हंड्यांहून थोडे जास्त. दोन्ही आकडे सरकारचेच आहेत आणि त्यांच्यात जवळपास बारा हंड्यांचे अंतर आहे. या अंतरात कपडे कमी वेळा धुतले जातात, आंघोळी एक दिवसाआड होतात, तान्ह्या मुलाचे लंगोट पुरत नाहीत. पाणवठा एक किलोमीटरवर असेल आणि एका खेपेला एक हंडा येत असेल, तर सात हंड्यांसाठी चौदा किलोमीटर चालावे लागते. त्यातले सात भरल्या हंड्याने. हा हिशेब चौथीच्या मुलाला येतो आणि त्यासाठी पुस्तकातल्या कल्पित आगगाड्या किंवा हौद लागत नाहीत.

याच वयाच्या मुलांना घरी एक तक्ता भरायला दिला तर? आठवडाभर रोज किती हंडे आले, कुठून आले, किती खेपा झाल्या, किती वेळ गेला आणि कुणी आणले. शेवटच्या रकान्यात आई, आजी, ताई, वहिनी याच नोंदी पुन्हा पुन्हा येतील. बाबा आणि दादा दिसतील ते बहुधा सायकलला किंवा मोटारसायकलला कॅन अडकवून आणताना. स्त्री-पुरुष समानतेवर शिक्षकाला वेगळे भाषण करावे लागणार नाही. तक्ता फळ्यावर मांडला की वर्गातली मुले स्वतःच एकमेकांकडे पाहू लागतील.

शाळेतल्या पाण्यालाही हाच तक्ता लावावा. शिक्षण हक्क कायद्याने शाळेत पिण्याचे सुरक्षित पाणी आणि मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असणे बंधनकारक केले आहे. स्वच्छतागृहाची इमारत उभी राहते, पण पाणी नसेल तर ते कुलूपबंद राहते. मग सातवी-आठवीतल्या मुली शाळेच्या वेळात पाणी पिण्याचेच टाळतात, पाळीच्या दिवसांत घरी राहतात. पोषण आहाराची खिचडी शिजवायला, ताटे धुवायला पाणी लागते, ते कधी मुलांनाच आणायला सांगितले जाते. टँकर यायची वेळ आणि शाळेची घंटा एकाच वेळी झाली, तर नंबर धरायला घरातली मोठी मुलगी मागे ठेवली जाते. हजेरीपटावर तिच्या नावापुढे फुली पडते, कारण मात्र कुठेही नोंदले जात नाही. हजेरीपटात कारणाचा एक रकाना वाढवला तर टंचाई मुलांच्या शिक्षणातून किती दिवस कापून नेते, हे प्रत्येक तालुक्याला स्वतःचे स्वतःला कळेल.

आता विहिरीकडे वळू. इथे मुलांना सर्वांत मोठा धक्का बसतो आणि तो बसायला हवा.

पाऊस कमी म्हणून पाणी कमी, असे सगळ्यांनाच वाटत असते. पण पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर हे तालुके सह्याद्रीच्या माथ्याशी आहेत आणि तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच भागात होळीनंतर विहिरी आटतात. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बायका आणि मुली लाकडी ओंडक्यावरून नदीचे दरीसारखे खोल पात्र ओलांडून पाणी आणत असल्याची छायाचित्रे देशभर पोहोचली होती. त्यानंतर २०२२ च्या जानेवारीत तिथे लोखंडी पूल बसवला गेला आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पुराने तो वाहून गेला. जुलैत पुलाला वाहून नेईल इतके पाणी आणि मे महिन्यात घोटभरासाठी वणवण! हे दोन्ही एकाच ठिकाणी कसे घडते, या एका प्रश्नावर भूगोलाचे चार तास सहज खर्च करता येतील.

उत्तर पायाखाली आहे. महाराष्ट्राची ८० टक्क्यांहून अधिक जमीन बेसाल्टची, म्हणजे लाव्हारसापासून झालेल्या काळ्या खडकाची आहे. लाव्हाचे थर भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक बसले आहेत. त्यातला अखंड काळा पाषाण पाणी धरत नाही. पाणी साठते ते वरच्या मुरमात, मांजऱ्या नावाच्या ठिसूळ खडकात आणि भेगाफटींत. घाटमाथ्यावर उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली पाषाण, त्यामुळे दोन हजार मिलिमीटर पाऊसही दोन-चार महिन्यांत दरीत उतरून समुद्राकडे जातो. जुन्या, न बांधलेल्या विहिरीच्या काठावर सुरक्षित अंतर राखून मुलांना उभे केले तर हा सगळा धडा डोळ्यांसमोर असतो. वर काळी माती, मग पांढरट मुरूम, मग ठिसूळ मांजऱ्या, त्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा पाषाण. विहीर खोदणाऱ्या कारागिरांना कोणत्या थराला पाणी लागते हे तोंडपाठ असते. अशा एका अनुभवी माणसाला वर्गात बोलावणे हे कोणत्याही चित्रफितीपेक्षा सरस ठरेल.

दुसरा धक्का भूजलाच्या हिशेबाचा. विहिरीतले पाणी एक मीटरने उतरले, तर एका हेक्टरखालचे किती पाणी संपले? मुले झटकन गुणाकार करतील : दहा हजार चौरस मीटर गुणिले एक मीटर, म्हणजे एक कोटी लिटर. जमिनीखाली मात्र तळे नाही, खडक आहे. झिजलेल्या बेसाल्टमधून उपसता येण्याजोगे पाणी त्याच्या आकारमानाच्या दोन टक्क्यांच्या आसपासच असते. म्हणजे उत्तर सुमारे दोन लाख लिटर, दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर वीस टँकर. खाली अमर्याद झरा वाहतो आहे आणि आणखी शंभर फूट खोल गेले की तो लागेल, ही समजूत गावोगावच्या मोठ्या माणसांची आहे. तिच्यापायी कर्ज काढून बोअर घेतले जातात आणि कोरडे जातात. तेरा वर्षांच्या मुलाने हे गणित एकदा सोडवले की पुढे बोअरच्या गाडीला इसार देण्यापूर्वी तो थांबून विचार करील, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

पावसाचे गणित याहून सोपे आणि अधिक आनंदाचे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. एका हेक्टरवर दहा हजार लिटर, म्हणजे एक भरलेला टँकर. हजार हेक्टरच्या शिवारात ४०० मिलिमीटर पाऊस झाला तर चार लाख टँकर पाणी आभाळातून आले! मग उन्हाळ्यात दारात दोन टँकर का मागवावे लागतात? हा प्रश्न मुले विचारतातच, कारण आकड्यांत एवढी तफावत पाहिल्यावर गप्प बसणे मुलांना जमत नाही. तिथून पुढे बाष्पीभवन, पिकांची गरज, उतारावरून वाहणारे पाणी, बांध, समतल चर, पाझर तलाव असे सगळे विषय त्यांच्या प्रश्नांच्या ओघातच येतात.

हे सगळे प्रत्यक्षात करून दाखवणारे गाव म्हणून हिवरे बाजारचे नाव घ्यावेच लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातले, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातले हे गाव पर्जन्यछायेत येते. सरासरी पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पेठ-सुरगाण्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खचत गेले. डोंगर उघडे पडले, दारूच्या भट्ट्या वाढल्या, लोक मजुरीसाठी बाहेर पडले. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि कामाला सुरुवात झाली ती शाळेपासून. श्रमदानातून शाळेच्या खोल्या उभ्या राहिल्या. पाणलोटाची कामे त्यानंतर, आदर्श गाव योजनेत, १९९४ पासून वेगाने झाली. हा क्रम महत्त्वाचा आहे. गावाने एकत्र येण्याचा पहिला सराव मुलांच्या निमित्ताने केला.

कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही हिवरे बाजारची पंचसूत्री आता सर्वश्रुत आहे. त्यापुढे जाऊन गावाने शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली, ऊस आणि केळी यांसारखी पाणी पिणारी पिके वर्ज्य केली. पण मुलांच्या शिक्षणाच्या दृष्टीने गावाची सर्वांत मोलाची देणगी म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला की किती पाऊस पडला, विहिरींची पातळी काय आहे, यावरून उपलब्ध पाण्याचा अंदाज बांधला जातो. माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आणि घरगुती वापर आधी बाजूला काढला जातो. उरलेल्यातून रब्बीला कोणते पीक किती घ्यायचे हे ग्रामसभेत ठरते. पाऊस कमी असेल तर गहू कमी, ज्वारी-हरभरा जास्त. पाऊस मोजण्यात आणि विहिरींच्या नोंदी ठेवण्यात शाळेतली मुले सहभागी होतात, ताळेबंद त्यांना शाळेतच शिकवला जातो. २०१२-१३ च्या दुष्काळात आजूबाजूला टँकर फिरत असताना हिवरे बाजारला टँकर लागला नाही. पोपटराव पवारांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या नेतृत्वाचे कौतुक योग्यच आहे. मात्र गावात मोजमाप करणारी एक नवी पिढी तयार होत गेली, हे या यशाचे अंग कौतुकाच्या भरात झाकून जाते. नेता एक असतो आणि तो कायम राहत नाही. पाणी मोजण्याची सवय शंभर घरांत रुजली तर ती टिकते.

बघायला येणारी गावे हिवरे बाजारहून चर, बांध आणि झाडे डोळ्यांत साठवून परततात. ते बांधायला पैसा आणि यंत्र मिळते. ग्रामसभेत उभे राहून ‘यंदा गहू पेरायचा नाही’ असे सर्वांनी मिळून ठरवणे कठीण असते, कारण तिथे प्रत्येकाला स्वतःचे काहीतरी सोडावे लागते. मुलांना बांध दाखवावेत, पण त्याहून आधी ही सभा दाखवावी.

कारण टंचाईचे मूळ निम्मे आभाळात आणि निम्मे वाटपात असते. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे आणि कल्पना साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरले. १९७४ मध्ये त्यांनी नायगाव इथे देवस्थानची ४० एकर पडीक जमीन कराराने घेतली, पाणी अडवले, जिरवले, शेती पिकवून दाखवली. त्यातून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचे नियम आजही मुलांसमोर ठेवण्याजोगे आहेत. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने मिळेल : माणशी अर्धा एकर भिजेल इतके, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क राहील. ऊस लावता येणार नाही. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जाणार नाही.

हे नियम वर्गात खेळून बघता येतात. वर्गाची दहा घरे करावीत. कुणाकडे वीस एकर, कुणाकडे दोन, दोन घरांकडे जमीनच नाही. शंभर चिंचोके म्हणजे गावाचे पाणी. पहिल्या फेरीत चिंचोके जमिनीच्या प्रमाणात वाटावेत, दुसऱ्या फेरीत ज्याची मोटार मोठी त्याने आधी उचलावेत, तिसऱ्या फेरीत माणसांच्या संख्येप्रमाणे. प्रत्येक फेरीनंतर भूमिहीन घरातल्या मुलांना विचारावे, तुमच्याकडे काय उरले? दुसऱ्या फेरीचा अनुभव मुलांना सर्वांत ओळखीचा वाटेल, कारण गावात बहुतेक वेळा तीच फेरी चालू असते. महाराष्ट्रात लागवडीखालच्या जमिनीपैकी जेमतेम चार टक्क्यांवर ऊस असताना सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी तो घेतो, असे केंद्रीय कृषी मूल्य आयोगाच्या अहवालात नोंदले गेले आहे. पाणीबचतीचे धडे गिरवणाऱ्या मुलांना हा आकडा कळलाच पाहिजे. दात घासतानाच्या एका तांब्याची आठवण त्यांना करून द्यायची आणि सत्तर टक्क्यांबद्दल मौन पाळायचे, हे शिक्षण अपुरे आहे. त्याचबरोबर ऊस लावणारा शेतकरीही हमखास खरेदी आणि बरा भाव याच दोन कारणांनी तो लावतो, हेही सांगावे. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी ऊस असेल, त्यांच्या वडिलांना गुन्हेगार ठरवून काहीच साधणार नाही.

वाटपाचा विषय निघाला की जातीचा विषय टाळता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला, हे मुले इतिहासाच्या पुस्तकात वाचतात. १९७२ च्या दुष्काळात डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ सुरू केली, हे त्यातल्या थोड्यांना माहीत असते. चवदार तळे इतिहासात, पाऊस भूगोलात, शुद्धीकरण विज्ञानात अशी पाण्याची विभागणी पाठ्यपुस्तकांनी करून टाकली आहे. गावात या तिन्ही गोष्टी एकाच पाणवठ्यावर घडतात. टँकर आल्यावर तो आधी कोणत्या वस्तीकडे वळतो, नळयोजनेच्या पाइपाचे शेवटचे टोक कुणाच्या आळीत आहे आणि तिथे पाणी किती दाबाने पोहोचते, याचा नकाशा मुलांनी काढला तर इतिहासाचा धडा वर्तमानात येतो. असा नकाशा काढायला लावणाऱ्या शिक्षकाला गावात थोडा त्रास होईल. शाळा व्यवस्थापन समितीने अशा वेळी त्याच्या पाठीशी उभे राहावे.

ही सगळी शाळा ज्यांच्या वाट्याला अर्धीच येते अशी मुलेही आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या कोरडवाहू गावांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. ट्रॅक्टरवर संसाराबरोबर शाळेच्या वयाची पोरेही चढतात, कारण मागे सांभाळायला कुणी नसते. ती मार्च-एप्रिलमध्ये परततात, तेव्हा गावची विहीर आटलेली असते आणि वर्षाचा अभ्यासही हातचा गेलेला असतो. स्वतःच्या शिवारात पाणी नाही म्हणून त्यांना घर सोडावे लागते आणि ती जातात ते सर्वाधिक पाणी पिणारे पीक तोडायला. कारखान्यांच्या तळावर साखरशाळा चालवून पाहिल्या गेल्या. पुढे मुलांना गावातच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे सुरू झाली. ही वसतिगृहे टोळ्या निघायच्या आधी सुरू झाली तरच मुले थांबतात. दिवाळीनंतर मंजुरी आली तर पोरे फडात पोहोचलेली असतात. पाणीटंचाईने शिक्षणाचे सर्वांत मोठे नुकसान कुठे केले असेल तर ते या मुलांचे. जलसाक्षरतेच्या कोणत्याही कार्यक्रमात त्यांचा विचार पहिला व्हायला हवा.

टंचाईची आणखी एक खूण मुलांच्या थेट तोंडात दिसते. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर या जिल्ह्यांच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, दुसरा स्रोत नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत. त्यापलीकडे, लहानपणी दात तयार होत असताना असे पाणी पोटात गेले तर दातांवर तपकिरी डाग आणि पट्टे उमटतात ते कायमचेच. प्रमाण आणखी वाढले तर हाडे वाकतात. उथळ विहिरी आटल्या की गाव खोल बोअरकडे वळते आणि काही ठिकाणी तिथेच हे क्षार असतात. शिक्षकाने दात न घासल्याबद्दल मुलाला रागावण्याआधी हापशाचे पाणी तपासायला पाठवावे.

शहरातल्या मुलांना यातले काय शिकवायचे? त्यांनी नळापासून उलट्या दिशेने चालत जावे. मुंबईला रोज ३८० कोटी लिटरहून अधिक पाणी लागते. त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसा धरणातून येतो, ते आहे ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात. १८९२ पासून मुंबईची तहान भागवणारे तानसाही त्याच तालुक्यातले. त्याच शहापूरच्या अनेक पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईतल्या शाळेने सहलीसाठी धरण निवडले तर धरणाच्या भिंतीबरोबर भिंतीजवळचा पाडाही पाहावा.

लातूरने २०१६ मध्ये वेगळा धडा दिला. मांजरा धरण कोरडे पडले, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते, पुढे पन्नास वाघिणींची गाडी २५ लाख लिटर आणू लागली. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या वर होती. एवढ्या प्रचंड खटाटोपानंतर माणशी मिळाले ते साडेसहा लिटर. अर्धा हंडादेखील नाही. रेल्वेगाडीचे ते दृश्य टीव्हीवर सगळ्यांनी पाहिले, हा भागाकार मात्र फार थोड्या वर्गांत झाला असेल.

प्रयत्न होत नाहीत असे नाही. पाणी फाउंडेशनने २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत गावांसाठी जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा घेतली. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातले वेळू पहिले आले. २०१९ पर्यंत स्पर्धा ७६ तालुक्यांत पोहोचली. श्रमदानाला सुट्टीतली मुले मोठ्या संख्येने आली, त्यांच्याकडे पाहून घरची माणसे आली. याच संस्थेने ‘निसर्गाची धमाल शाळा’ हा उपक्रम जिल्हा परिषद शाळांत नेला. बालभारतीने नववी-दहावीसाठी ‘जलसुरक्षा’ हा श्रेणीविषय आणला. २०१९ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेने निवडक गावांत लोकांनीच पाणी मोजावे यावर भर दिला. यांपैकी प्रत्येकाचे मोल आहे. तरी स्पर्धा संपते, योजनेची मुदत संपते, श्रेणीविषयाचा तास गणिताच्या सरांना दिला जातो. कायम राहते ती गावची शाळा आणि गावची विहीर. या दोघींना बांधून ठेवणारी एक वही हवी.

त्या वहीला खर्च जवळपास नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते : पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास, मग जानेवारी, मार्च आणि मे. शाळेने हेच वेळापत्रक पाळावे. कठडा असलेल्या चार-पाच विहिरी निवडाव्यात. दोराला दर मीटरवर गाठ मारून टोकाला वजन बांधावे. सकाळी मोटारी सुरू होण्याआधी, दर वेळी कठड्याच्या त्याच खुणेपासून, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली माप घ्यावे. पावसाळ्यात शाळेच्या मोकळ्या अंगणात, झाडा-भिंतींपासून दूर, तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचे भांडे ठेवून रोज सकाळी साडेआठला पाऊस नोंदवावा. एकच अडचण आहे : विहीर सर्वांत खाली जाते त्या मे महिन्यात शाळा बंद असते. पण तेव्हा मुले गावातच असतात, बरीचशी पाणवठ्यावरच असतात. मेची नोंद सुट्टीतला अभ्यास म्हणून देता येईल. पाच वर्षांच्या नोंदी झाल्या की आपल्या गावचे पाणी कोणत्या महिन्यात, किती पावसाच्या वर्षी संपते, हे बाहेरच्या कुणालाही विचारावे लागणार नाही.

पावसाळा नुकताच सरलेला असतो तेव्हा विहिरी वर्षातल्या सर्वांत वरच्या पातळीला असतात. पहिल्या नोंदीची वेळ हीच आहे. वाचकांपैकी जे शिक्षक आहेत, शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत, सरपंच किंवा सदस्य आहेत, त्यांनी दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की पहिल्या आठवड्यातच दोर आणि वही घेऊन मुलांना विहिरीवर न्यावे. जे शहरात राहतात, त्यांनी आपल्या गावच्या शाळेला फोन करून वहीची चौकशी करावी. आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत रब्बीच्या पाण्याचा विषय निघेल तेव्हा ऑक्टोबर आणि जानेवारीचे आकडे वाचून दाखवायला सातवीतल्या एखाद्या मुलीला पुढे बोलवावे.